आधी प्रश्न, मग उत्तर

तुमच्या घरी चौथीत शिकणारी एखादी लहान बहीण असेल. गणिताचे शाब्दिक उदाहरण समोर आले की ती काय विचारते? "भाईजान, जमा करू की तफरीक?" म्हणजे बेरीज करू की वजाबाकी? तुम्ही घाईत सांगता, "तफरीक कर." उत्तर मिळते आणि वही बंद होते. पण विचार करण्याची रीत तिला मिळत नाही. परीक्षेत भाईजान जवळ नसतात. मग ती स्वतःलाच म्हणते, "मला गणित येत नाही." ही गोष्ट एकदा मनात बसली, की सहजासहजी निघत नाही.

सायकल चालवणे जसे शिकता येते, तसा नीट विचार करणेही शिकता येते आणि शिकवताही येते. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात यासाठी चार पायऱ्या सांगितल्या. प्रश्न समजून घ्या, बेत ठरवा, बेताप्रमाणे काम करा आणि शेवटी उत्तर तपासा.

एक उदाहरण पाहू. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. समजा, एका दुकानदाराने केमहून ६ किलो कुंकू आणले. त्याने ५० ग्रॅमची एक, अशा पुड्या बांधल्या. त्यांतल्या २० पुड्या विकल्या. किती पुड्या उरल्या?

'उरल्या' हा शब्द दिसताच पुष्कळ मुले ५० मधून २० वजा करतात आणि ३० लिहितात. वजाबाकी बरोबर आहे, पण उत्तर चूक आहे. का बरे? कारण ५० ही पुड्यांची संख्या नाही, ते एका पुडीचे वजन आहे.

आता पायरीपायरीने जाऊ. पहिली पायरी : काय विचारले आहे? उरलेल्या पुड्या. काय दिले आहे? एकूण कुंकू, एका पुडीचे वजन आणि विकलेल्या पुड्या. दुसरी पायरी : आधी एकूण पुड्या काढू, मग विकलेल्या वजा करू. तिसरी पायरी : ६ किलो म्हणजे ६००० ग्रॅम. ६००० भागिले ५० म्हणजे १२० पुड्या. १२० वजा २० म्हणजे १०० पुड्या. चौथी पायरी : १०० पुड्यांचे ५ किलो आणि विकलेल्या २० पुड्यांचा १ किलो, मिळून ६ किलो. हिशेब जुळला! ३० हे उत्तर असेच तपासले असते, तर ३० आणि २० मिळून ५० पुड्यांचे अडीच किलोच भरले असते. मग साडेतीन किलो कुंकू गेले कोठे? चूक मुलाला स्वतःलाच सापडली असती.

पायऱ्यांनी काम करण्याची ही रीत फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी नावाचे थोर गणितज्ञ होऊन गेले. समीकरणे कोणत्या क्रमाने सोडवावीत, हे त्यांनी आपल्या ग्रंथात समजावून दिले. त्या ग्रंथाच्या नावातील 'अल-जब्र' या शब्दावरून बीजगणिताला 'अल्जिब्रा' हे नाव पडले. संगणक ज्या क्रमवार रीतीने काम करतो, तिला 'अल्गोरिदम' म्हणतात. तो शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे.

आपल्या राज्यातील शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी हा विषय असतो. त्यासाठी काही मुले नुसत्या युक्त्या पाठ करतात. प्रश्न थोडा बदलला की पाठ केलेली युक्ती अडते. प्रश्न समजून घेण्याची सवय मात्र अडत नाही.

म्हणून यापुढे लहान भावंडाने उत्तर मागितले, तर उत्तर देऊ नका. विचारा, "प्रश्न तुझ्या शब्दांत सांग. काय दिले आहे? काय शोधायचे आहे?" मग थोडे थांबा. चिंचोके मांडू द्या, चित्र काढू द्या. चुकले तर रागावू नका. "तपासून पाहा" एवढेच म्हणा. तुमची पाच मिनिटे जातील, पण "मला येत नाही" म्हणणारे मूल "थांब, मी करून पाहते" असे म्हणू लागेल.

स्वाध्याय

१. शाब्दिक उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या क्रमाने लिहा.
२. ३० हे उत्तर चूक आहे, हे कसे कळले?
३. पुढील शब्दांचे अर्थ उर्दूत सांगा : बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार.
४. लहान भावंडासाठी तुमच्या गावातील दुकानावर एक उदाहरण तयार करा.