झिणझिण्यांवर विसंबू नका

आमच्या भाड्याच्या घरात फ्रिजच्या दारावरून बोट अलगद फिरवलं, की गुळगुळीत पत्रा खरखरीत लागायचा. बोट थांबलं की खरखर गायब. बायको म्हणायची, करंट येतोय. शेजारचे काका अख्खा पंजा टेकवून म्हणायचे, कुठे काय? दोघंही खरंच सांगत होते. आपली वीज ५० हर्ट्झची; पत्र्यावर ती उतरली की कोरडी कातडी सेकंदाला शंभर वेळा पत्र्याकडे ओढली जाते. हे फक्त सरकत्या बोटाला कळतं, टेकवलेल्या हाताला नाही.

पावसाळ्यात फरशीला ओल आली आणि त्याच दाराने अनवाणी पायांवर मला कोपरापर्यंत झटका दिला.

साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात. दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. मुलांच्या बाबतीत त्याहून कमीलाच. तीसच्या पुढे जीव धोक्यात येऊ शकतो. मुंग्या आणि मूठ न सुटणं यांत अंतर एवढंच, आणि ते ओल्या पायांनी सहज पार होतं. करंट कमी लागला तो बिघाड बारीक म्हणून की पायात चप्पल होती म्हणून, हे बोटाला कळत नाही. सवयीने तर मुळीच नाही. ‘थोडा करंट मारतो, पण चालतो’ असं गिझरबद्दल म्हणणारे भेटले की मला धडकी भरते.

वायरमनने बोर्ड उघडला, तर तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकामागे वायरच नव्हती. त्याने सुचवलेला तोडगा त्याहून भयंकर: न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडून देतो! न्यूट्रल कुठे तुटली तर फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतील. असं कुणालाही करू देऊ नका.

एमसीबी आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. ती सोळा अँपिअरची वाट बघते, माणूस त्याच्या सहस्रांशातच अडकतो. खरी अर्थिंग घालून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. तिच्यावरचं ‘टी’ बटण अधूनमधून दाबा. खटका पडला नाही तर ती बदला. लॅपटॉपच्या दोन पिनी चार्जरची झिणझिण बहुधा आतल्या फिल्टरची असते, निरुपद्रवी. तरी ओल्या हातांनी नको. आणि कुणी चिकटलंच तर हात धरून ओढू नका, आधी मेन पाडा.