बिट बदलायची सोय आणि तिचा हिशोब

नांदेड

चि. वैभव,

राऊटर टेबलाला कोलेट एक्स्टेन्शन, म्हणजे बिट टेबलाच्या वरूनच बदलता यावा म्हणून राऊटर मशीनला लावायचा जोड, लावावं का, असं तू विचारलंस. माझं मत आधीच सांगतो: लावावं. मात्र कोणत्या मशीनला, कोणत्या बिटासाठी आणि किती वेगावर, हे ठरवल्याशिवाय लावू नये. दुकानदार तुला सोय दाखवील. त्या सोयीच्या बदल्यात मशीनकडून काय वसूल होतं, ते समजून घेतलंस तर पुढचे निर्णय तुझे तुला घेता येतील.

लातुरातलं तुझं काम कसलं आहे ते बघ. बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावची मुलं येऊन राहतात, आणि त्यांच्या खोल्यांना अभ्यासाचं टेबल, पुस्तकांचं कपाट लागतंच. अशा एका टेबलाला निदान तीन बिट लागतात. मागची फळी बसवायच्या खाचेला सरळ बिट, सनमायकाची कड काढायला बेअरिंगचा ट्रिमिंग बिट, आणि मुलाच्या मनगटाला टोचू नये म्हणून समोरची कड गोल करायला तिसरा. मशीन हातात असतं तर बिट बदलणं मिनिटाचं काम. टेबलाखाली उलटं टांगलं की मात्र तेच काम नकोसं होतं. वाकायचं, एका हाताने स्पिंडलचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्या हाताने अंधारात पाना लावायचा, आणि पाना पाव फेराही फिरत नाही तोच टेबलाच्या पायाला अडतो. त्यात बिट धरणाऱ्या कोलेटचा नट पुष्कळदा दोन टप्प्यांत सोडवावा लागतो. पहिल्यांदा सैल होतो, दोन-तीन फेरे मोकळा फिरतो, आणि पुन्हा घट्ट होतो. त्या दुसऱ्या वेळी जोर लावला की कोलेट निमुळत्या भोकातून सुटते आणि बिट हातात येतो. हे ज्याला ठाऊक नसतं तो बिटावर हातोडी मारतो, आणि कोलेट कायमची वाकडी करून बसतो.

ही अडचण मला महत्त्वाची वाटते ती कष्टांमुळे नव्हे. तिच्यामुळे ज्या सवयी लागतात त्यांच्यामुळे. बदलणं जिकिरीचं झालं की माणूस बोथट बिटावरच आणखी दहा फळ्या ओढतो. प्लायच्या डिंकाने आणि सागातल्या वाळूसारख्या अंशाने धार लवकर मरते, लाकूड करपतं, आणि हात नकळत जास्त रेटू लागतो. खाचेला हवा त्याहून लहान बिट लावलेला असेल तर तोच दोनदा फिरवून भागवतो. सगळ्यांत वाईट म्हणजे अवघडलेल्या हाताने नट अर्धवट आवळला जातो आणि बिट काम चालू असताना वर सरकत राहतो. तेव्हा बदल सोपा करणं हा आळस नाही. जुन्या वाड्यांच्या चौकटींवरचे गलते बघ. ते काढणारे सुतार दर नक्षीला वेगळा रंधा ठेवत. पातं बदलण्याचा प्रश्नच त्यांनी येऊ दिला नव्हता. म्हणून ‘पूर्वीच्यांना कुठे असल्या सोयी होत्या’ हा आक्षेप मला पटत नाही. सोय त्यांनीही केली होती, हत्यारांची पेटी जड करून केली होती. त्यातून तूही एक गोष्ट घे: कड गोल करायचा बिट एका लहान ट्रिमरला कायमचा लावून ठेव, आणि दहा टेबलांच्या खाचा एका बैठकीत काढ. अर्धे बदल तिथेच वाचतील. उरलेल्या अर्ध्यांसाठी एक्स्टेन्शन.

आता खरा आक्षेप, आणि तो रास्त आहे. एक्स्टेन्शनचा शँक मशीनच्या कोलेटमध्ये बसतो आणि वरच्या टोकाला त्याची स्वतःची कोलेट नि नट असतो, म्हणून पाना टेबलाच्या वर लागतो. पण त्यामुळे बिटाची धार बेअरिंगपासून पाच-सहा सेंटिमीटर दूर जाते. एका टोकाला धरलेली दांडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराला ती आठपट लवते. शिवाय एका कोलेटच्या जागी दोन आल्या, म्हणजे दोघींची चूक एकत्र होण्याची शक्यता आली. वेगाचा हिशोब तर करूनच बघ. मकिताचं ३६१२ घे. त्याचा वेग मिनिटाला २२,००० फेरे असा ठरलेला आहे. एक्स्टेन्शन, नट आणि बिट मिळून २०० ग्रॅम वजन धरलं, आणि ते मध्यापासून अवघं ०.१ मिलिमीटर सरकलेलं असलं, तरी स्पिंडलवर दहा किलोहून जास्त ओढ पडते, आणि ती ओढ सेकंदाला साडेतीनशेच्या वर फेरे घेते. वेग अर्धा केला तर ओढ चौथाईवर येते. म्हणून वेग कमी-जास्त करता येतो असंच मशीन टेबलाखाली लाव; ठरल्या वेगाच्या मशीनला एक्स्टेन्शन लावू नये असं माझं मत आहे. दरवाजाचा दिल्हा काढायचा रुंद बिटही त्यावर चढवू नकोस. ५० मिलिमीटर व्यासाच्या बिटाची बाहेरची धार २२,००० फेऱ्यांना ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावते. किनवट-माहूरकडच्या सागाची चौकट कुणी तुझ्याकडे आणली तर तेवढ्या कामापुरतं एक्स्टेन्शन काढ, वाक, आणि बिट थेट मशीनच्या कोलेटमध्ये बसव.

मग एवढं सगळं असताना मी ‘लावावं’ का म्हणतो? कारण तुझ्या टेबलांचं काम हलकं आहे. लहान व्यासाचे बिट, आणि एका वेळी तीन-चार मिलिमीटरपेक्षा खोल जायची गरज नाही. या मर्यादेत चांगलं एक्स्टेन्शन तक्रार करत नाही. ‘चांगलं’ म्हणजे काय, हे मात्र मोजून ठरव. तुझ्या आयटीआयमधल्या फिटर ट्रेडच्या शिल्पनिदेशकांकडे डायल गेज असेल, तो मागून आण. प्लग काढ, कोलेट आतून ब्रशने साफ कर, एक सरळ गुळगुळीत शँक घट्ट बसव, गेजची सुई त्याला टेकव आणि स्पिंडल हाताने हळू फिरव. सुई जेवढी हलते त्याच्या निम्मा भाग म्हणजे शँकचं मध्यापासून सरकणं. आधी एक्स्टेन्शनशिवाय मोज. तिथेच सुई ०.०५ मिलिमीटरहून जास्त हलत असेल तर मशीनची कोलेट बहुधा झिजली आहे, ती आधी बदल. एक्स्टेन्शन लावून ०.१ पर्यंत ठीक. त्याच्या वर गेली तर शँक सैल करून पाव फेरा फिरव, पुन्हा आवळ, पुन्हा मोज. दोन कोलेटच्या चुका एकमेकींना खातात अशी एखादी जागा बहुधा सापडते, तिथे खूण करून ठेव. तरीही जमलं नाही तर वस्तू परत कर. मापाचाही गोंधळ होतो बरं का. बाजारात १२ मिलिमीटरची कोलेट आहे आणि अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरचीही आहे. दोन्हीला लोक सर्रास ‘बारा एमएम’ म्हणतात. अर्ध्या इंचाचा शँक बाराच्या कोलेटमध्ये जाणार नाही. बाराचा शँक अर्ध्या इंचाच्या कोलेटमध्ये जाईल, आणि धोका याच जोडीत आहे, कारण तो धरल्यासारखा वाटतो आणि कामात सुटतो.

तू लिहिलंस की एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला निम्म्याहून कमी पैशांत एक्स्टेन्शन कातून देतो म्हणतो. त्याच्या हातातल्या कसबाबद्दल मला शंका नाही. पण ही वस्तू लेथवर दोनदा पकडावी लागते, एकदा शँक कातायला आणि एकदा उलटी करून भोक पाडायला, आणि त्या दोन पकडींत मध्य जरा जरी चुकला तरी तो वर सांगितलेल्या ओढीत मोजावा लागतो. शिवाय कोलेटला चिरा द्यायच्या, निमुळतेपणा तंतोतंत जुळवायचा, आणि ती पुन्हा पुन्हा दबून मूळ आकारात यावी म्हणून पोलादाला पाणी द्यायचं. साध्या लोखंडाच्या सळईला हे जमत नाही. नुसत्या बाजूच्या स्क्रूने बिट दाबून धरणारा प्रकारही घेऊ नकोस. तो स्क्रू बिटाला एका बाजूला ढकलतो, म्हणजे चूक त्याच्या रचनेतच आहे. पैसे वाचवायचे असतील तर एक्स्टेन्शन अजिबात न घेता वाचव. आणि पुढे चार पैसे हाती आले तर पूर्ण मशीन वर उचलणारं लिफ्ट घे. ते कितीतरी महाग आहे, पण त्यात बिट लांबत नाही, आणि म्हणून ते एक्स्टेन्शनपेक्षा सरस आहे हे मी बिनशर्त मान्य करतो.

एक धोका सोयीतूनच जन्मतो, आणि तो आपल्याकडे जास्त आहे. काम चालू असताना लाइट जाते, मशीनचं बटण चालूच्या जागी अडकलेलं राहतं, बिट थांबतो, आणि मनात येतं की तेवढ्यात बिट बदलून घेऊ. खाली वाकायचं असतं तर माणसाने प्लग काढला असता. वरून बदलायचं म्हटल्यावर हात थेट बिटावर जातो. लाइट परत येते तेव्हा बोटं तिथेच असतात. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर जसा लाइट गेली की पडतो आणि कुणी हाताने बटण दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही, तसा नो-व्होल्ट स्विच टेबलाच्या पुढच्या बाजूला आधी बसव, एक्स्टेन्शन नंतर. शेतात लोक ऑटो लावून स्टार्टर आपोआप उचलायला लावतात, तसलं काही कुणी सुचवलं तरी ऐकू नकोस. स्विच असला तरी बिटाला हात लावण्यापूर्वी प्लग काढून तो टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायचा. फळीही नेहमी उजवीकडून डावीकडे, बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध सरकव, आणि बिट व फेन्स यांच्या मधल्या फटीतून कधीही ओढू नकोस.

पैसे देण्यापूर्वी तीन मापं घे. एक्स्टेन्शनने बिट जेवढा वर येतो तेवढं मशीन खाली जायला हवं, नाहीतर लहान बिट टेबलाच्या पातळीखाली लपणारच नाही आणि दोन मिलिमीटरची खाच काढता येणार नाही. मशीन पूर्ण खाली सोडून कोलेटच्या नटापासून टेबलाच्या वरच्या पृष्ठापर्यंतचं अंतर मोज, मशीन ज्या प्लेटला टांगलं आहे तिच्या भोकाचा व्यास मोज, कोलेटवर कोरलेला आकडा वाच, आणि तिन्ही मापं मला कळव.

तुझा,
मामा