पक्षिचित्रातील आकृती, जाती आणि व्यक्ती : झाशीच्या भिंती ते कॉकेटीलचे छायाचित्र

शब्दाचा अर्थ कोणता, व्यक्ती, आकृती की जाती, हा प्रश्न न्यायदर्शनात सूक्ष्मपणे चर्चिला गेला आहे. गौतमाच्या मते पदाचा अर्थ या तिन्हींनी मिळून सिद्ध होतो. प्रसंगानुसार त्यांपैकी एक प्रधान होते व इतर दोन गौण राहतात. या चर्चेत मातीच्या गायीचा दृष्टान्त येतो. मातीची गाय ही एक व्यक्ती आहे, गायीची आकृतीही तिच्या ठिकाणी आहे. पण प्रोक्षणादी संस्कार तिच्यावर कोणी करीत नाही, कारण गोत्व ही जाती तेथे नाही. चर्चा शब्दार्थाची असली तरी दृष्टान्त प्रतिमेचा आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्रतिमेजवळ आकृती निश्चित असते. तिच्याद्वारे जाती किंवा व्यक्ती यांच्यापर्यंत पोचता येते की नाही, हे मात्र प्रतिमा कोणत्या हेतूने घडविली व कोणत्या शब्दांच्या सोबतीने पाहिली जाते, यावर अवलंबून राहते.

पक्ष्यांच्या चित्रणाचा इतिहास या त्रयीच्या आधारे पाहिला असता भित्तिचित्र, शास्त्रीय चित्र आणि छायाचित्र यांतील भेद केवळ साधनांचा नसून अर्थाचाही आहे, असे दिसून येते. प्रस्तुत विवेचनासाठी दोन टोके निवडली आहेत. एक झाशीच्या मराठी राजवाड्यातील अलंकरणाचे, आणि दुसरे भारतीय काव्याला सर्वस्वी अपरिचित असलेल्या कॉकेटील या ऑस्ट्रेलियन पक्ष्याचे.

१. संकेताची आकृती

झाशीचा किल्ला १६१३ मध्ये ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने बांधला. अठराव्या शतकात हा प्रदेश मराठ्यांकडे आला आणि पुढे पेशव्यांच्या वतीने तेथील सुभेदारी नेवाळकर घराण्याकडे गेली. शहरातील राणीमहाल हा याच घराण्याचा वाडा होय. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंचे वास्तव्य येथे होते. त्याच्या दिवाणखान्यातील भिंतींवर व छतावर वेलबुट्टी, फुले आणि मोरासारखे पक्षी रंगविलेले आहेत. १८५८ च्या वेढ्यानंतर झाशीच्या समृद्ध ग्रंथसंग्रहाचा नाश झाला. विष्णुभट गोडसे वरसईकर यांनी ‘माझा प्रवास’मध्ये ही हानी नोंदविली आहे. ग्रंथ गेले, रंगविलेल्या भिंती काही अंशी उरल्या. म्हणून येथील अभिरुचीचा शोध घेणाऱ्यास या भिंतींचे साक्ष्य मोलाचे वाटते.

हे साक्ष्य कशाचे आहे? पक्ष्यांच्या निरीक्षणाचे निश्चितच नव्हे. अलंकरणातील मोर कोणत्या वयाचा, त्याची पिसे झडण्याचा काळ कोणता, हे प्रश्न तेथे अप्रस्तुत ठरतात. तो वर्षाकाळाचा, शृंगाराचा आणि राजवैभवाचा सूचक आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त ज्यांना कविसमय म्हटले, त्यांचेच हे चित्ररूप. चकोराने चांदणे प्यावे, जलाशय दिसला की तेथे हंस असावा, हे जसे प्रत्यक्षाच्या कसोटीवर घासून पाहावयाचे नसते, तसेच या पक्ष्यांचेही आहे.

झाशीपासून अवघ्या पाच-सहा कोसांवरील ओरछ्यात केशवदासांनी ‘रसिकप्रिया’ (१५९१) आणि ‘कविप्रिया’ (१६०१) हे ग्रंथ रचले. पुढे अनेक चित्रशाळांनी त्यांवर चित्रमालिका केल्या. नायिकेच्या नासिकेला शुकचंचूची उपमा देण्याची रूढी या काव्यपरंपरेत सर्वमान्य होती. उपमेच्या या व्यवहारात पोपटाचा एकच अवयव कामी येतो, तो म्हणजे चोचीचा बाक. चित्रकारही तोच बाक ठळक करतो. ‘शुकसप्तती’तील कथा सांगणारा पोपट आणि बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील वैशंपायन हेही वाणीमुळे ओळखले जातात, पिसांच्या रचनेमुळे नव्हे. या विश्वात आकृती प्रधान आहे; जाती गृहीत आहे आणि व्यक्तीला स्थान नाही.

२. जातीचे चित्र

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय चित्रकारांपुढे वेगळी मागणी आली. पुण्याच्या रेसिडेन्सीत चार्ल्स मॅलेटसाठी काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट यांनी १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा रेखाटला. हा गेंडा कोणत्याही कथेतील नाही व कोणत्याही उपमेचा आधार नाही. तो समोर उभा असलेला प्राणी आहे. त्याआधी, १७७७ पासून, कलकत्त्यात मेरी इम्पी हिच्या संग्रहासाठी पाटण्याच्या परंपरेतील शेख जैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास हे पक्षी व प्राणी रंगवीत होते. जैनुद्दीनच्या एका चित्रात सीताफळाच्या फांदीवर पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा बसला आहे. सीताफळ मूळचे अमेरिकेचे, पक्षी पूर्वेकडील बेटांच्या बाजूचा, आणि कुंचला मुघल शैलीत मुरलेला. काव्यसंकेताचा आधार नसलेल्या तुरेवाल्या परदेशी पक्ष्याला भारतीय हात कसा सामोरा गेला, याचे हे उत्तम उदाहरण होय. प्रत्येक पीस स्वतंत्रपणे रंगविणे हाच त्या हाताने शोधलेला मार्ग होता.

काकाकुवाचाच लहान आप्त असलेला कॉकेटील युरोपीय शास्त्रज्ञांना अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञात झाला. १७९२ मध्ये रॉबर्ट केर याने त्याला शास्त्रीय नाव दिले. आज तो निंफिकस हॉलंडिकस या नावाने ओळखला जातो. एडवर्ड लिअर या चित्रकाराने १८३० ते १८३२ या काळात पोपटांच्या कुळावर ४२ शिळाछाप चित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. काम सुरू केले तेव्हा त्याचे वय अवघे १८ वर्षांचे होते. भुसा भरलेल्या कातड्यांवरून चित्रे काढण्याचा प्रघात बाजूला सारून त्याने शक्य तेथे जिवंत पक्षी समोर ठेवून मापे घेतली. हाच लिअर पुढे १८७३ मध्ये मुंबईस उतरला आणि सुमारे सव्वा वर्ष भारतभर निसर्गदृश्ये रेखाटीत हिंडला; पण तोवर त्याने पक्षिचित्रण सोडले होते.

लिअरच्या संग्रहात कॉकेटीलही आहे, आणि तेथे त्याला दिलेले नाव उद्बोधक आहे. लांब निमुळत्या शेपटीमुळे त्याची गणना ‘पॅलिऑर्निस’ या गणात केली आहे. भारतातील परिचित कंठवाला पोपटही त्या काळी याच गणात घातला जात असे. म्हणजे आकृतीच्या एका अंगावर भर दिल्यामुळे ऑस्ट्रेलियाचा हा पक्षी राघूचा सख्खा भाऊ ठरला. जॉन गूल्डच्या ऑस्ट्रेलियन पक्ष्यांवरील ग्रंथात त्याला काकाकुवा आणि पोपट अशा दोन्ही शब्दांचे जोडनाव मिळाले. शेपटी एक सांगत होती आणि तुरा दुसरेच. रेणवीय अभ्यासानंतर तो काकाकुवाच्या कुळातील आहे, हे आता निश्चित झाले आहे. शास्त्रीय चित्र जातीच्या सेवेसाठी असते हे खरे. परंतु कोणते लक्षण जातिनिदर्शक मानावे याचा निर्णय चित्राच्या बाहेर होतो आणि तो चुकूही शकतो.

३. व्यक्तीचे छायाचित्र

मुंबईत छायाचित्रण संस्था १८५४ मध्ये, म्हणजे झाशी खालसा झाली त्याच वर्षी, स्थापन झाली. त्या काळच्या ओल्या कलोडियन काचा मुख्यतः निळ्या व जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. पिवळा व नारिंगी रंग त्यांवर काळपट उमटत. राखाडी अंग, पिवळा चेहरा आणि गालावर नारिंगी ठिपका ही कॉकेटीलच्या नराची ओळख. अशा काचेवर त्याचा सर्वांत उजळ भाग सर्वांत गडद झाला असता. शिवाय प्रकाशन देण्यास लागणारा वेळ हलत्या पक्ष्याला मानवणारा नव्हता. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंचे छायाचित्रांनी सजलेले पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक १८९५ मध्ये आले; त्यातही घरटे हा स्थिर विषय होता, हे ध्यानात घ्यावयास हवे. यंत्र वस्तुनिष्ठ असते हा समज आरंभापासूनच तपासून घेण्याजोगा होता.

पुढे काचा, भिंगे आणि झडपा सुधारल्या व चित्राला न साधणारी एक गोष्ट छायाचित्राला साधली, ती म्हणजे क्षण. कॉकेटीलचा तुरा त्याच्या मनःस्थितीबरोबर बदलतो. दचकला की तो ताठ उभा राहतो, निवांत असताना किंचित मागे झुकतो, आणि चिडून फुत्कारताना डोक्याला चिकटून जातो. शास्त्रीय चित्राला यांपैकी एकच स्थिती निवडावी लागते आणि वाचक तीच जातीची कायमची मुद्रा समजतो. छायाचित्रांची मालिका ही समजूत मोडते. तेथे एक विशिष्ट पक्षी एका विशिष्ट क्षणी दिसतो. न्यायाच्या परिभाषेत येथे व्यक्ती प्रधान झाली.

याच सामर्थ्यात छायाचित्राची मर्यादाही आहे. कॉकेटीलच्या पिसांत निळा रंग निर्माण करणारी सूक्ष्म रचना नसते; म्हणून पोपटांचा प्रसिद्ध हिरवा रंग त्याच्याकडे नाही. कृष्णरंजकामुळे येणारा राखाडी रंग आणि पोपटवर्गाची खास पिवळी-नारिंगी रंजके एवढेच त्याचे भांडवल. १९५८ च्या सुमारास फ्लॉरिडात कृष्णरंजकरहित पिल्ले निपजली आणि त्यांच्यापासून पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा वाण तयार झाला. पाळीव पक्ष्यांत हा वाण अतिशय लोकप्रिय आहे. ऑस्ट्रेलियाने १९६० पासून आपल्या पक्ष्यांची व्यापारी निर्यात थांबविल्यामुळे भारतातील पिंजऱ्यांत दिसणारे कॉकेटील हे पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढविलेल्या पक्ष्यांची संतती होत. अशा पक्ष्याचे छायाचित्र त्या व्यक्तीपुरते पूर्ण सत्य असते. तेवढ्यावरून जातीची कल्पना करणाऱ्या वाचकाला मात्र कॉकेटील हा मुळात पिवळसर पांढरा पक्षी वाटेल. गूल्डच्या ग्रंथातील राखाडी पक्षी त्याला ओळखूही येणार नाही.

४. एक कसोटी : रानपिंगळा

केवळ छायाचित्रावर जाती ठरविण्याचा धोका महाराष्ट्रातील एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. उदाहरण पोपटवर्गातील नाही. पण त्याचा एक धागा झाशीशी जुळलेला आहे. एकोणिसाव्या शतकात एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याने झाशी व सागर भागांतील पक्ष्यांच्या घरट्यांविषयी विपुल टिपणे केली आणि ॲलन ह्यूम यांनी ती आपल्या ग्रंथात समाविष्ट केली. झाड कोणते, घरटे किती उंचीवर, अंडी किती, असा तो केवळ शब्दांचा पुरावा आहे. याच ब्लेविटने १८७२ मध्ये पूर्वेकडे, सध्याच्या छत्तीसगडच्या बाजूस, मिळविलेल्या एका घुबडाला ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे नाव दिले. तोच रानपिंगळा. त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने गोळा केले आणि १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय पुरावा मिळेनासा झाला.

मधल्या काळात रानपिंगळ्याचे म्हणून प्रसिद्धीस आलेले छायाचित्र नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याचे निघाले. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने १९१४ मध्ये गुजरातेत मिळविल्याचा दावा केलेला नमुनाही डेव्हिडसनच्या नमुन्यांतून चोरलेला असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे छायाचित्र खरे पण त्याखालचे नाव खोटे, आणि नमुना खरा पण त्यावरचे स्थळ खोटे. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला. ११३ वर्षांनी त्याची खरी छायाचित्रे निघाली. हे शक्य झाले ते संग्रहालयांतील जुन्या कातड्यांच्या कसून केलेल्या अभ्यासामुळे. जवळजवळ ठिपकेरहित डोके, छातीवरील गडद पट्टा आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले दणकट पाय ही लक्षणे आधी मनात पक्की होती, म्हणून समोरची व्यक्ती जातीशी जोडता आली. छायाचित्राने पुरावा दिला. ओळख दिली ती आकृतीच्या अभ्यासाने आणि शब्दांनी.

५. नाव आणि प्रतिमा

या दृष्टीने कॉकेटीलच्या मराठी नावाचा प्रश्न गौण मानता येत नाही. मलाय भाषेतील ‘काकातुआ’ हा शब्द मराठीत ‘काकाकुवा’ या रूपाने रुळला. त्याला काका या नात्याचा आभास जोडला जाऊन तो बालवाङ्मयातही आपलासा झाला. त्याच मलाय शब्दापासून पोर्तुगीज व डच यांच्या तोंडून लघुत्वदर्शक रूपे तयार झाली आणि त्यांवरून इंग्रजीत ‘कॉकेटील’ आला. अर्थात एकच शब्द मराठीत दोनदा उतरला. पहिल्यांदा तो मराठी झाला. दुसऱ्यांदा दुकानातील मालाच्या नावासारखा परकाच राहिला. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’सारख्या ग्रंथाचे महत्त्व येथे जाणवते. रानात राहणाऱ्या लोकांच्या तोंडची नावे जमविणे म्हणजे लोकांनी शतकानुशतके केलेल्या निरीक्षणांची नोंद करणे होय. कॉकेटीलच्या मागे असे निरीक्षण नाही. त्याला रान नाही, ओवी नाही आणि कविसमयही नाही.

दुसऱ्या बाजूने राघूचे स्थानही पालटले आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील दुरुस्त्या यांमुळे भारतीय पोपट पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. हे इष्टच झाले. परंतु त्यामुळे कथाकाव्यांतील पिंजऱ्यातील शुकाचे प्रत्यक्ष नष्ट होऊन केवळ आकृती उरली, आणि पिंजऱ्यात मात्र असा पक्षी आला की ज्याला छायाचित्रे अगणित आहेत, पण वाङ्मय नाही. एकाजवळ अर्थ आहे आणि दर्शन दूर गेले आहे. दुसऱ्याचे दर्शन रोजचे आहे आणि अर्थ अजून घडावयाचा आहे.

यावरून भित्तिचित्र, शास्त्रीय चित्र व छायाचित्र यांचा क्रम अज्ञानाकडून ज्ञानाकडे जाणारा मानणे योग्य होणार नाही. झाशीच्या भिंतीवरील मोराकडून जातीची माहिती मागणे जितके अस्थानी, तितकेच एका पाळीव कॉकेटीलच्या छायाचित्राकडून जातीचा निर्वाळा मागणेही अस्थानी आहे. प्रत्येक प्रतिमा तिन्हींपैकी एकाच अंगाला प्रधान करते. उरलेली दोन अंगे तिला नाव, वर्णन आणि स्थळकाळाची नोंद यांतूनच मिळतात. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने प्राचीन ग्रंथांतील पक्ष्यांना आधुनिक शास्त्रीय नावे देताना हा विवेक बाळगणे अगत्याचे आहे. ग्रंथातील शुक कोणता, हे विचारण्यापूर्वी तो तेथे आकृती म्हणून आला आहे, जाती म्हणून की व्यक्ती म्हणून, हे ठरवावे लागेल.