बायपासनंतरचे दीर्घायुष्य : परिणामकारक घटक व आपले कर्तव्य

बायपास शस्त्रक्रिया होऊन सात-आठ वर्षे लोटलेला रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो. छातीत दुखत नाही, दमही लागत नाही. ‘वैद्यराज, आता त्या गोळ्या बंद करून आपलेच औषध घेऊ का?’ असे तो विचारतो. आपण देऊ त्या उत्तरावर त्याची पुढील वर्षे अवलंबून असतात. म्हणून या विषयाचा येथे संक्षेपाने विचार करीत आहोत.

शस्त्रक्रियेने अवरोधापलीकडे रक्त जाण्यास नवी वाट मिळते. रोहिण्यांतील मूळ विकार मात्र नाहीसा होत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

१) जोडलेली वाहिनी : पायातील सिरा वापरून करावयाची ही शस्त्रक्रिया १९६७ पासून अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रेने फावालोरो यांनी रूढ केली. परंतु सिरेला रोहिणीतील दाब सोसावा लागतो. तिची भित्ती जाड होते व दहा वर्षांत अशा जवळजवळ निम्म्या सिरा बंद पडतात. छातीच्या आतील मॅमरी रोहिणी मात्र बहुतेकांत तेवढ्या काळानंतरही खुली राहते. त्याच संस्थेने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ सिरा जोडलेल्या रुग्णांत दहा वर्षांतील मृत्यूचा धोका सुमारे १.६ पट आढळला. म्हणून रुग्णाची शस्त्रक्रियेची कागदपत्रे अवश्य पाहावीत.

२) रुग्णाची मूळ स्थिती : वय, हृदयाची आकुंचनशक्ती, मधुमेह, वृक्कविकार, फुप्फुसाचे जुने विकार व पायांच्या रोहिण्यांतील अवरोध यांचा जीवितावर मोठा परिणाम होतो. दोन रुग्णांची शस्त्रक्रिया सारखी असली तरी साध्यासाध्यता सारखी नसते.

३) रुग्णाच्या हाती असलेले घटक : धूम्रपान सोडणारे रुग्ण ते चालू ठेवणाऱ्यांपेक्षा अधिक जगतात. गुटखा व मशेरी यांचीही चौकशी करावी. रुग्ण त्यांना व्यसन मानीत नाही. एलडीएल कोलेस्टेरॉल कटाक्षाने कमी ठेवल्यास जोडलेल्या सिरांतील विकार मंदावतो, असे १९९७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. ॲस्पिरिन, रक्तदाब व रक्तशर्करा यांचे नियंत्रण, नियमित चालणे आणि वजन यांचे महत्त्वही तेवढेच आहे.

४) आपले कर्तव्य : निदानपरिवर्जन व पथ्य ही आपल्या शास्त्राची बलस्थाने येथे पूर्ण उपयोगी पडतात. आहार, निद्रा, व्यायाम व व्यसनमुक्ती यांवर वैद्य जितका वेळ देऊ शकतो, तितका अन्यत्र क्वचितच मिळतो. परंतु ॲस्पिरिन किंवा स्टॅटिन हृद्रोगतज्ज्ञांच्या संमतीवाचून थांबवू नये. गुग्गुळाच्या प्रमाणित अर्कावरील २००३ च्या अमेरिकी चाचणीत एलडीएल कमी न होता किंचित वाढले. अतएव गुग्गुळ हा स्टॅटिनचा पर्याय समजू नये. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते, हेही लक्षात ठेवावे. यष्टिमधु अधिक काळ दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन चालू असता ते टाळावे.

औषधालयाच्या मालकांनीही ‘हृदयासाठी काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास, चालू औषधे कोणती, हे आधी विचारावे. छातीत नव्याने दुखू लागल्यास किंवा दम लागल्यास चूर्ण-वटी देत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच : ‘त्या गोळ्या चालू ठेवा, पथ्य आम्ही सांभाळतो.’