पोटाचा प्रश्न, जंगलाचे रक्षण आणि धम्माचा मार्ग

तथागत भगवान बुद्धांचे जीवन वृक्षांच्या सावलीत घडले. जन्म लुंबिनीच्या उपवनात, संबोधी पिंपळाखाली, महापरिनिर्वाण कुशीनाराच्या शालवनात. हे आपण सर्वजण जाणतो आणि दरवर्षी वैशाख पौर्णिमेला सांगतोही. परंतु वृक्षाला वंदन करणे वेगळे आणि वृक्षाच्या आधाराने जगणाऱ्या गरीब माणसाचा प्रश्न सोडविणे वेगळे. ज्याच्या घरात सायंकाळची चूल पेटण्याची शाश्वती नाही, त्याला आपण "जंगल वाचवा" असे कोणत्या तोंडाने सांगणार? या लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

धम्माची दृष्टी

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजा महाविजिताची कथा आहे. राज्यात चोऱ्या, लुटालूट माजली तेव्हा पुरोहिताने राजाला सांगितले की दंडाने हा उपद्रव थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, सेवकाला योग्य वेतन द्यावे, म्हणजे लोक आपापल्या कामात रमतील. जंगलतोडीलाही हाच न्याय लागू पडतो. केवळ दंड, जप्ती आणि खटले यांनी जंगल राखता येत नाही. लोकांच्या हाताला काम आणि त्या कामाला न्याय्य मोबदला मिळाला, तर तेच लोक जंगलाचे राखणदार होतात.

मात्र उपजीविका कशी करावी यालाही मर्यादा आहे. फुलाचा रंग-गंध न दुखविता मध नेणाऱ्या मधमाशीचा दृष्टांत धम्मपदात येतो, आणि सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने संपत्ती कशी साठवावी हे सांगतानाही मधमाशीचेच उदाहरण दिलेले आहे. घ्यावे, पण मूळ नष्ट करू नये, हा त्याचा सरळ अर्थ. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी कोरून घेतली आणि विनाकारण वने जाळू नयेत अशीही आज्ञा केली. जैवविविधता हा शब्द १९९२ च्या रिओ परिषदेनंतर सर्वत्र रूढ झाला. विचार मात्र आपल्या परंपरेला नवा नाही.

जैवविविधता म्हणजे काय?

एखाद्या प्रदेशात आढळणारे वृक्ष, वेली, गवते, कीटक, मासे, पक्षी, प्राणी, तसेच पिकांचे व जनावरांचे निरनिराळे वाण, आणि या सर्वांचे परस्परांशी असलेले नाते, म्हणजे जैवविविधता. सागाची एकसारखी लागवड हिरवी दिसते, परंतु तिच्यातून मोह, चारोळी, हिरडा, बेहडा, तेंदू, मध, रानभाज्या मिळत नाहीत. विविध जंगल गरिबाला वर्षभर थोडेथोडे देत राहते. म्हणून विविधता नष्ट झाली की पहिला फटका भूमिहीनाला बसतो. ज्याच्याजवळ शेती आहे तो कसाबसा तग धरतो. ज्याच्याजवळ केवळ दोन हात आहेत त्याची शिदोरीच हिरावली जाते.

मेंढा-लेखाचे उदाहरण

गडचिरोली जिल्ह्याचे सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र जंगलाने व्यापलेले आहे. या जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड आदिवासी गाव. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे ते देशभर परिचित झाले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. गावाने दोन पद्धती स्वीकारल्या. एक, ग्रामसभेतील निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वांच्या सहमतीने घ्यावयाचा. दुसरी, निर्णयाआधी अभ्यास गटात बसून विषय समजून घ्यावयाचा. मधाचे पोळे जाळून माश्या मारण्याऐवजी माश्यांना इजा न करता मध काढण्याची रीत या गावाने अशा अभ्यासातूनच अंगीकारली.

वनहक्क कायदा २००६ साली मंजूर झाला आणि त्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी लागू झाले. त्याखाली मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु कागद मिळाला म्हणजे हक्क मिळाला असे होत नाही. बांबू गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो आणि तो वनविभागाच्या हाती होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावी आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढे २०१२ च्या नियम-दुरुस्तीने परवाना देण्याचा हा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला.

आता यातील अर्थशास्त्र पाहू. पूर्वी बांबूतोडीत गावकऱ्याला फक्त मजुरी मिळे. मालाची किंमत दुसऱ्याच्या खिशात जाई. हक्क मिळाल्यावर मजुरीही गावात राहिली आणि विक्रीतील नफाही ग्रामसभेच्या खात्यात आला. बांबू हे गवत आहे. पावसाळ्यात कोवळे कोंब फुटतात आणि पक्का बांबू होण्यास साधारण तीन वर्षे लागतात. बेटातील पक्के बांबू काढावे, कोवळे राखावे, कोंब फुटण्याच्या काळात तोड बंद ठेवावी, ही शिस्त पाळली तर बेट वर्षानुवर्षे उत्पन्न देते. ठेकेदाराला पुढील वर्षाची चिंता नसते. गावकऱ्याला असते, कारण त्याची मुले तेथेच राहणार असतात. हक्क आणि संरक्षण यांचे नाते हे असे आहे.

पाचगावचा त्याग

चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूविक्रीतून रोजगार सुरू झाल्यावर या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद करण्याचा निर्णय घेतला. तेंदूपत्त्याचे पैसे हंगामात रोख मिळतात, हे विदर्भातील प्रत्येक गरीब कुटुंब जाणते. मग हा निर्णय का? कारण चांगली पाने यावीत म्हणून झाडे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. आगीत रोपे, अंडी, घरटी सर्व भस्म होते. शिवाय छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही, आणि तेंदूचे फळ माणसे, पक्षी व अस्वलेही खातात. एका उत्पन्नाची शाश्वती झाली म्हणून गावाला दुसरे, घातक उत्पन्न सोडता आले. हा क्रम महत्त्वाचा आहे. उपाशी माणसाकडून त्यागाची अपेक्षा करणे अन्याय आहे.

आपला समाज आणि हा प्रश्न

येथे कोणी विचारील, हे आदिवासी गावांचे झाले. बौद्ध समाजाचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. पूर्व विदर्भातील अनेक जंगलालगतच्या गावांत आदिवासींच्या शेजारी बौद्ध कुटुंबे राहतात. ती बहुधा भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच वेदनेतून उभे राहिले.

वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासींना "इतर पारंपरिक वननिवासी" म्हणून स्थान आहे. मात्र त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या नावे सातबारा नव्हता, शाळेचा दाखला नव्हता, त्यांनी पुरावा कोठून आणावा? म्हणून वैयक्तिक दावे अडतात. परंतु नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही पुराव्याचा एक प्रकार मानला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिवाय सामूहिक हक्क ग्रामसभेचा असतो, आणि गावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष ग्रामसभेचा सदस्य असतो.

येथेच सावध राहिले पाहिजे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या संकुचितपणावर कठोर टीका केली होती. ज्या गावाने पाणवठा नाकारला, ते गाव जंगलातील वाटा आपोआप देईल असे मानणे भोळेपणाचे ठरेल. म्हणून ग्रामसभेत हजर राहणे, हिशेब मागणे, समितीवर आपल्या माता-भगिनी जाणे आवश्यक आहे. तथागतांनी वज्जींना सांगितलेल्या सात अपरिहानीय धम्मांत वारंवार एकत्र जमणे आणि एकोप्याने विचारविनिमय करणे यांना पहिले स्थान आहे. एकत्र न जमणाऱ्या समाजाचा हक्क कागदावरच राहतो.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

जैविक विविधता कायदा २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक-जैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. सुटीत गावी जाल तेव्हा ती नोंदवही पाहावयास मागा. नसेल तर आजी-आजोबांकडून रानभाज्या, औषधी वनस्पती, मासे, धानाचे जुने वाण यांची नावे लिहून घ्या. त्याच बैठकीत त्यांच्या रहिवासाच्या आठवणीही तारीख-वार लिहून ठेवा. एकाच वहीत जंगलाचे ज्ञान आणि कुटुंबाच्या हक्काचा पुरावा, दोन्ही जतन होतील. "शिका" या आदेशाचा हाही एक अर्थ आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या गावाच्या जंगलातून, गायरानातून किंवा तलावातून कोणकोणत्या कुटुंबांना काय मिळते? कोणाला मिळत नाही?
२. दंडाने होणारे संरक्षण आणि हक्काने होणारे संरक्षण यांत फरक कोणता?
३. गेल्या वर्षभरातील किती ग्रामसभांना आपण स्वतः उपस्थित होतो?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने प्रामाणिकपणे आपल्या मनाशी द्यावे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!