शेताचा आकार आणि अर्थमितीचा धडा

बी.ए.ला हौसेने अर्थशास्त्र घेणारी आपली मुले एम.ए.ला अर्थमिती म्हटले की बिचकतात. गणित आपल्या घराण्यात कोणी केले नाही, ही समजूत त्यामागे असते. म्हणून हा विषय शेताच्या बांधावरूनच पाहू.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर इंग्रजीत एक निबंध प्रसिद्ध केला. तुकडे जोडून शेत मोठे करा, असे तेव्हाचे जाणकार सांगत. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, नुसत्या एकरांवरून शेत किफायतशीर ठरत नाही. त्यावर लागणारे श्रम, बैल, अवजारे यांचे प्रमाण जुळावे लागते. बैलजोडी पाच एकरांपुरती आणि शेत वीस एकरांचे, तर ते शेत लहान नव्हे, मोठेच! शिवाय शेतीवर माणसांची गर्दी झालेली. ती कमी करण्यासाठी उद्योगधंदे वाढावेत, हा त्यांचा उपाय. पाठ्यपुस्तकात 'सीमांत उत्पादकता' म्हणून येते ते हेच.

पुढे १९५० च्या दशकात शेती व्यवस्थापनाच्या पाहण्या झाल्या. त्यांत आपल्या शेजारचे अकोला व अमरावती हे जिल्हेही होते. अशा पाहण्यांच्या आधारे अमर्त्य सेन यांनी १९६२ साली एका प्रश्नाकडे लक्ष वेधले : लहान शेतात एकरी उत्पन्न जास्त का दिसते? एक उत्तर असे की, मजूर लावणारा शेतकरी मजुरी वसूल होते तोवरच काम करून घेतो, घरची माणसे मात्र त्यापुढेही राबतात. (मजुरीचा हिशेब तुमच्या आईला पुस्तकापेक्षा चांगला ठाऊक असेल.)

येथे अर्थमितीचे काम सुरू होते. समजा, आपण कपाशीच्या चाळीस शेतांची माहिती घेतली. त्यांतली लहान शेते घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याच्या भारी काळ्या जमिनीत आणि मोठी शेते घाटावरच्या हलक्या बरड जमिनीत निघाली. समीकरणात फक्त एकर घातले, तर मातीचे श्रेय आकाराला जाईल! माती हे चल सुटले म्हणून उत्तर चुकले. गणित चुकले नाही. मातीचा प्रकार समीकरणात घातल्यावरही आकाराचा परिणाम टिकतो का, ते पाहायचे. पण सगळी लहान शेते खालीच आणि मोठी वरच असतील, तर आकार कोणता आणि माती कोणती हे कुठलेही समीकरण वेगळे करू शकणार नाही. तेव्हा दोन्हीकडची लहान-मोठी शेते निवडावी लागतात.

दिवाळीच्या सुटीत एक वही घ्या. शेताचे एकर, माती, घरच्या माणसांचे दिवस, मजुरांचे दिवस, खताची पोती आणि कापसाचे क्विंटल, एवढे सहा रकाने आखा. वेचणीला जाणाऱ्या बायांनाही विचारा. मालकाच्या आकड्यांत त्यांचे दिवस बहुधा कमी पडलेले असतात.