दिल्ली किती दूर?

‘अभी दिल्ली दूर है’ ही म्हण तुम्ही घरी ऐकली असेल. पण दिल्ली खरोखर किती दूर आहे? या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. एक किलोमीटरमध्ये, दुसरे तासांमध्ये.

बोरिवलीला थांबणारी राजधानी एक्सप्रेस सुरत, रतलाम, कोटा या मार्गाने दिल्लीला जाते. हा लोहमार्ग १,३८४ किलोमीटरचा आहे. विमानाला वळणे घ्यावी लागत नाहीत. म्हणून मुंबई व दिल्ली या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे १,१४० किलोमीटरच भरते.

आता गणित करू. मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने उडते. या हिशेबाने दिल्लीला दीड तासात पोहोचायला हवे. पण वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ दिलेला असतो. असे का?

वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभे राहीपर्यंतची असते. विमान आधी धावपट्टीपर्यंत हळूहळू जाते व आपली पाळी येईपर्यंत थांबते. वर चढताना व खाली उतरताना त्याचा वेग कमी असतो. घाटकोपरच्या मुलांना घरांवरून विमाने उतरताना दिसतात. गर्दी असली की अशा विमानांना आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. म्हणून मुंबईहून कोलकात्याला जाताना कमी वेळ लागतो, परतताना जास्त.

ही गोष्ट नवी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले व त्याच दिवशी दुपारी जुहूच्या विमानतळावर उतरले. वाटेत अहमदाबादला इंधन घ्यावे लागले. ते चक्क बैलगाडीतून आले! विमान आकाशात उडते, पण प्रवासाचा बराच वेळ जमिनीवरच जातो.

समजा, मुलुंडच्या एका कुटुंबाचे विमान सकाळी दहाला आहे. दोन तास आधी, म्हणजे आठला, विमानतळावर पोहोचायला हवे. रस्त्यातील गर्दीसाठी दीड तास धरला, तर साडेसहालाच घर सोडावे लागेल. विमान सव्वाबाराला दिल्लीत पोहोचेल. एकूण पावणेसहा तास झाले. त्यांपैकी विमानाचे फक्त सव्वादोन! हा हिशेब न करता घरून निघणाऱ्याचे तिकीट वाया जाऊ शकते. म्हणून तिकिटावरची वेळ वाचा आणि घरापासूनची वेळ मोजा.

शब्दार्थ
लोहमार्ग – रेल्वेचा रस्ता
धावपट्टी – विमान जिच्यावर धावते ती लांब, सपाट वाट
घिरट्या घालणे – गोल गोल फिरणे

स्वाध्याय
१. विमानाचे अंतर लोहमार्गापेक्षा कमी का असते?
२. दीड तासाच्या अंतराला जास्त वेळ का लागतो? तीन कारणे लिहा.
३. मुंबईचे घड्याळ जेद्दाच्या घड्याळाच्या अडीच तास पुढे असते. मुंबईहून सकाळी आठला निघालेले विमान साडेपाच तासांनी जेद्दाला पोहोचले. तेव्हा तेथे किती वाजले असतील?